बायडीबाईंच्या राबाची पहिली काडी

सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या बायडी देसले चळवळीत तत्त्वासाठी आल्या, असे समितीचे पत्रक सांगते. उपलब्ध माहिती तसे सांगत नाही. परदेशातून जहाजाने आणलेला वायू मुरबाड तालुक्यातून नळाने नेण्यास विरोध करणाऱ्या सुरुवातीच्या एकाही सभेला त्या गेल्या नव्हत्या. उलट समितीचे अध्यक्ष, त्यांचे चुलतदीर देवजी, दारात आले की त्या विचारत, "भावजी, तुमच्या घरचा गॅस काय सिद्धगडावर पिकतो?"

फरक पडला तो खुंट्यांमुळे. भाताची रोपे टाकण्यापूर्वी शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून ते भाजतात, हा राब. मोजणीदार आले तेव्हा बायडीबाईंचा राब नुकताच भाजून झाला होता. तो काळाठिक्कर तुकडा त्यांनी 'जळालेली पडीक जमीन' म्हणून नोंदवला आणि पिवळ्या खुंट्या ठोकून नळाची रेघ त्याच्यावरूनच ओढली. उरलेले शेत उताराचे व दगडांचे. राब गेला असता तर रोपे गेली असती, आणि रोपांबरोबर वर्षाचा भात.

"वैनीला चळवळ पटली म्हणायची," देवजी म्हणाले.

"पटली कुठं? माझ्या राबात येऊन बसली."

पुढच्या वर्षीच्या जनसुनावणीत कंपनीच्या साहेबांनी ग्वाही दिली: नळ जमिनीखाली राहील, वर शेती नेहमीसारखी करा. बायडीबाई उठल्या. आता भांडण होणार, असे सर्वांना वाटले. त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमी आमचे पाव्हणे. औंदा माझ्या राबाला पयली काडी तुमी लावायची. मान तुमचा."

साहेबांना राब ठाऊक नव्हता. मान ठाऊक होता. त्यांनी आनंदाने होकार दिला.

ठरल्या दिवशी ते सुरक्षा अधिकारी आणि छायाचित्रकार घेऊन आले. राब रचून तयार होता आणि त्यातून कंपनीच्याच पिवळ्या खुंट्या डोकावत होत्या. टोपी, टॉवेल, नारळ झाला. साहेबांनी काडी ओढली.

"सर, नको!" मागून सुरक्षा अधिकारी ओरडले. "नळाच्या पट्ट्यात आग चालत नाही!"

नळ अजून आलेलाच नव्हता. तरीही साहेबांनी काडी फुंकून विझवली. सारे शिवार हसले.

"मग 'नेहमीसारखी शेती' कंची वो?" बायडीबाईंनी आदराने विचारले. "आग चालत नाय, येवढंच लिवून द्या. मंग काडी माझी मी लावते."

साहेबांनी लिहून दिले. बाईंनी राब पेटवला. धुराचा मान मात्र पाहुण्यांना मिळाला.

त्या कागदामुळे पुढे रेघ हलली. समिती याला विजय म्हणते. नवा नकाशा पाहिल्यास त्या शब्दाबद्दल शंका येते, कारण रेघ आता थेट देवजींच्या राबावरून जाते.

"वैनी, काय गो केलंस हे?"

"मी? रेघ साहेबांनी हलवली."

चेष्टा केली खरी, पण त्यानंतरच्या सभेत त्या पहिल्यांदाच आपणहून बोलायला उठल्या. सभेला आलेल्या साहेबांनी रेघ पुन्हा सरकवण्याची तयारी दाखवली होती.

"सरकवू नका," बायडीबाई म्हणाल्या. "सरकून सरकून जाईल कुठं? कुणाच्या तरी राबातच ना? तुमचा गॅसच नको आमाला. जहाजातून उतरवूच नका."

देवजींनी टाळ्या वाजवल्या. "भावजी, नुसत्या टाळ्या नको," त्या बसता बसता म्हणाल्या, "उद्या आटगावला सभा हाय. रिक्षा तुमी सांगा."