व्याह्यांचं मूळ गाव

लग्नपत्रिकेवर मूळ गाव छापायचं खूळ माझ्या नवऱ्याचं. मुलगी जन्मली आणि वाढली इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये, होणारा जावई पलीकडच्या मेसाचा, हॉल फीनिक्सला. पण आमच्या आडनावाखाली 'बेळगाव' हवंच. मग व्याह्यांच्या नावाखालीही काहीतरी हवं. व्याही रुमानियाचे. नवऱ्याने नेटवर शोधलं आणि छापून मोकळा झाला: तिमिशोआरा. कुणाला विचारायची सवय त्याला कधीच नव्हती.

पत्रिका गणपतीपुढे ठेवली, हळदीकुंकू लावलं आणि अक्षता घेऊन आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. विहिणीची आई त्यांच्याकडेच राहते. वयाने मोठी, म्हणून पहिली पत्रिका तिला दिली. जावयाने तिला इंग्रजी बाजू वाचून दाखवली. आजींनी शांतपणे पत्रिका टेबलावर पालथी घातली.

"माझा जन्म तेमेश्वारचा," त्या म्हणाल्या. "हे गाव मला माहीत नाही. मी लग्नाला येणार नाही."

व्याही उसळलेच. "हंगेरीचं राज्य जाऊन शंभर वर्षं झाली! शहर रुमानियात आहे आणि त्याचं नाव तिमिशोआरा आहे!"

आजी हंगेरियन, त्यांचे जावई म्हणजे आमचे व्याही रुमानियन, गाव एकच. तेमेश नदीवरचा किल्ला म्हणून तेमेश्वार, हे आजींनी मला बोट नाचवत ऐकवलं. किल्ला तुर्कांनी घेतला, मग ऑस्ट्रियाच्या बादशहाने. जर्मनांचा उच्चार वेगळा, सर्बांचा वेगळा. "आमच्या एका जिन्यात चार भाषा बोलायचे," त्या म्हणाल्या. "मग सरकारने आमच्या रस्त्याची पाटी बदलली." पुढचं भांडण त्यांच्या भाषांमध्ये झालं. विहीण स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. आमच्या अक्षता माझ्या मुठीत घामाने ओल्या झाल्या आणि आपण इथे आलोच कशाला, असा माझा संताप झाला.

गाडीत बसताच मुलगी रडायला लागली. "आई, त्याला आजीने वाढवलंय. शी इज एव्हरीथिंग टू हिम. ती नाही आली तर तो लग्न पोस्टपोन करेल. त्याने सांगितलंय मला."

"पत्रिका बदल," मी नवऱ्याला म्हटलं.

"का बदलू? सरकारी नाव आहे ते. मॅप्सवर बघ ना."

मागच्या भारतवारीत विमानाच्या तिकिटावर 'बेळगावी' आलं, म्हणून हाच माणूस काउंटरवरच्या पोरीशी हुज्जत घालत उभा होता. मागे ही रांग! याचे वडील, अण्णा, जन्मभर सीमाप्रश्नाच्या मोर्चांना गेले, हे त्या बिचारीला काय कळणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग आपलंही सरकारी नाव छाप. बेळगावी."

त्याने गाडी कडेला घेतली आणि पुढचा रस्ता मला चालवायला लावला. मला जराही दया आली नाही. उलट हे आधीच का नाही सुचलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आजींकडे गेला. तिथे काय झालं ते जावयाकडून कळलं. पत्रिका जुनीच होती. तिच्यावरची दोन्ही गावं नवऱ्याने काळ्या मार्करने खोडली होती. आजींनी ती बराच वेळ न्याहाळली, पेन मागितलं, आपल्या हाताने 'तेमेश्वार' लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

आजी लग्नाला आल्या. व्याह्यांकडे पाठ करून बसल्या आणि माझ्या नवऱ्याशेजारची खुर्ची त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. नवरा मात्र माझ्याशी अजून धड बोलत नाही. 'बेळगावी' हे नाव बायकोच्या तोंडून ऐकावं लागलं, हे त्याला त्या तिकिटापेक्षा जास्त लागलंय.

लागू दे.