अर्ध्या फेऱ्यात अडलेलं यंत्र

यंत्राच्या तेलाचा वास मला मोगऱ्याच्या अत्तरापेक्षा प्रिय आहे असं मी म्हटलं, की घरचे हसतात. हसोत बापडे! आश्विनातल्या कोवळ्या उन्हात आठवडाभर बंद राहिलेल्या त्या खोलीचं कुलूप काढावं आणि आतून तो थंड, लोखंडी, किंचित गोडसर दरवळ अंगावर यावा. त्यात तेल असे, पिवळ्या कागदांची धूळ असे, आणि मला आपलं वाटे, की कोण कुठल्या अनाम कारकुनांच्या बोटांचा घामही असे. माणसं निवृत्त होतात, निघून जातात. त्यांचा स्पर्श मात्र लोखंडात किती काळ मुक्काम करतो, हे कुणी मोजलं आहे का? मी दर रविवारी तो वास छातीभर घेई आणि मगच खिडक्या उघडी.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात खराखुरा संगणक अजून कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. पण तो येणार आणि कारकुनांच्या नोकऱ्या खाणार, ही वार्ता चहाच्या टपरीवर कधीच पोचली होती. अशा दिवसांत सोवनीकाका नावाच्या एका निवृत्त इंजिनिअरने वाचनालयामागच्या दोन खोल्यांत त्या अजून न आलेल्या पाहुण्याच्या पूर्वजांचं संग्रहालय मांडलं. मण्यांच्या पाट्या, सरकपट्ट्या, कार्डांना भोकं पाडणारं एक अजस्र धूड, आणि मधोमध, निळ्या कापडावर, मँगनीजच्या खाणीच्या कचेरीतून भंगारात निघालेलं हाताने फिरवायचं गणकयंत्र. समोर आकडे लावायच्या खुंट्या, उजवीकडे दांडा. दांडा फिरवला की आतली चक्रं गुणाकार-भागाकार करत. मी शाळेत गणित शिकवी आणि रविवारी इथे बिनपगारी वाटाडी होई. खरं सांगू? मला बोलायला आवडतं. वर्गातली पोरं ऐकून कंटाळतात. इथे येणारे पाहुणे नवे असत. हिंदीत सुरू करावं, समोरच्याच्या तोंडून ‘हां’ऐवजी एखादं ‘हौ’ निसटलं की मराठीवर यावं, असा माझा तासभर अखंड प्रवाह चाले.

काकांचे नियम दोनच. वस्तू उंबरठ्याबाहेर जायची नाही, आणि दसऱ्याला पूजा टेबलाची करायची, यंत्राची नव्हे. त्या दसऱ्याला काका लेकीकडे नागपूरला गेले होते, आणि माझी भक्ती अशी काही उचंबळून आली म्हणता! जन्मभर लोकांसाठी राबलेल्या यंत्राला कोरडं ठेवायचं? मी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि मूठभर अक्षता अगदी नवरानवरीवर टाकाव्यात तशा उधळल्या. खुंट्यांच्या फटी उघड्याच होत्या. आमच्या या धानाच्या मुलखात हात आखडता घ्यायची सवय कुणाला आहे? दुसऱ्या दिवशी दांडा अर्ध्या फेऱ्यात अडला. कारण माझ्या लगेच लक्षात आलं, आणि मी काय केलं? ‘हात लावू नये’ अशी पाटी ठेवली, आणि पुढल्या रविवारी पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की यंत्र फार जुनं आहे हो, आता थकलंय.

त्याच्या पुढच्या रविवारी दौलतराव आले. कटंगीच्या बसने, धुतलेलं धोतर, वर काळा कोट. सोबत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई. खाणीच्या मोजणी कचेरीत हेच यंत्र त्यांनी सव्वीस वर्षं चालवलं होतं. दारातूनच त्यांनी ते ओळखलं आणि लहान मुलासारखे पुढे धावले, “हेच वो! हेच माह्यं!” अनसूयाबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की पावसाळ्याच्या तोंडी यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणतात हातात जीव परतलाय, चालवा. हे म्हणतात, मेला तो हात. चार महिने त्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा उचलला नव्हता. घास अनसूयाबाई भरवत. “परवा कोनीतरी या मशीनचं सांगतलं, तं म्हनाले, चाल, तिचा दांडा फिरला तं मानीन. मी म्हनलं, चाला.” एवढं सांगून त्यांनी हात जोडले, मला की यंत्राला कोण जाणे.

मी तोंड उघडायच्या आत दौलतरावांनी पाटी बाजूला सारली आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून दांड्यावर ठेवला. दांडा अर्धा फिरला आणि अडला. त्यांनी पुन्हा जोर केला. कपाळावर शीर उभी राहिली. पुन्हा तिथेच. मग त्यांनी हात काढून घेतला, कोटाच्या खिशात ठेवला, आणि शांतपणे म्हणाले, “गेला. म्या म्हनतच होतो.” अहो, एक वाक्य बोलायचं होतं मला! एकच! पण त्याच वेळी शेजारी कॉलेजातले एक प्राध्यापक आणि दोन अधिकाऱ्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या, ज्यांच्यापुढे मी अर्धा तास यंत्रशास्त्रावर प्रवचन झोडलं होतं. त्यांच्यादेखत, ‘मी आत तांदूळ टाकलेत’ असं कसं म्हणायचं? मी नुसती ती पाटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. ती दोघं बसस्टँडकडे चालू लागली, अनसूयाबाईंनी त्यांचा कोट सावरला, आणि मी पाहत राहिले.

लाज ही किती चमत्कारिक वस्तू आहे! खोटं बोलताना ती कुठे दडून बसते कळत नाही, आणि खरं बोलायची वेळ आली की नेमकी दारात आडवी उभी राहते. पाहुणे गेल्यावर मी दार लावलं, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, यंत्र त्यावर आडवं केलं आणि तळाशी थोपटत राहिले. कुंकवाने लाल झालेले अकरा दाणे बाहेर पडले. दांडा सरळ गोल फिरला. माझ्या अकरा दाण्यांपायी एक माणूस आपला हात मेला असं मानून घरी गेला होता. मी तिथेच फरशीवर बसून रडले, अगदी हमसून रडले.

सोमवारी मी शाळेत रजेचा अर्ज दिला, काकांचा पहिला नियम मोडला, आणि सतरंजीत गुंडाळलेलं ते दहा-बारा किलोचं धूड मांडीवर घेऊन कटंगीच्या बसमध्ये बसले. काही म्हटलं तरी जमिनीवर ठेवायला धीर होईना. कंडक्टर म्हणाला, “बहनजी, सिलाई मशीन है क्या?” मी म्हटलं, “नहीं भैया, गुणाकार की है.” त्याने माझ्याकडे जरा जपून पाहिलं आणि पुढे सरकला. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली धानाची शेतं पिवळीधमक पसरली होती. पण माझं चित्त कसलं थाऱ्यावर! त्यांनी दार उघडलंच नाही तर? आणि खरोखरच हातात जोर उरला नसेल, तर मी हे लोखंड पुन्हा त्यांच्यापुढे ठेवून कुठलं पुण्य जोडणार होते?

घर विचारत विचारत पोचले, तेव्हा दौलतराव ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं, अक्षता, पाटी, थापा, सगळं. ते उठून बसले. बोलल्या त्या अनसूयाबाई. “काहून नाही सांगतलं तवाच? कालपासून पान्यावर हायेत हे! शिकल्या-सवरल्या बाई तुम्ही, अन् एवढं नाही जमलं तुमाले?” मी मान खाली घालून ऐकलं. ऐकून घेणं एवढंच तर माझ्या हाती उरलं होतं.

मग मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं.  त्यांनी डाव्या हाताने खुंट्या लावल्या, उजवा दांड्यावर ठेवला, आणि दांडा फिरला. रखडत, पण पुरा फिरला. दुसरा फेरा. तिसऱ्याला श्वास लागला, थांबले, पुन्हा फिरवला. इतक्यात आतून टण्‌कन घंटी वाजली आणि मी किंचाळले, “थांबा, बिघडलं! उत्तर आलं नाही तोच घंटी!” दौलतराव मोठ्यांदा हसले. “बिघडलं नाही, बाई. भागाकार करून राह्यलो न मी. घंटी वाजली म्हंजे एक फेरा जास्त झाला. मंग एक फेरा उलटा घ्याचा, अन् पुढं जायाचं. घंटी वाजल्याबिगर भागाकार होतच नाही.” आणि मी वर्षभर लोकांना सांगत होते, की उत्तर आलं की आनंदाने घंटी वाजते! काका परतल्यावर मला जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण त्या ओसरीवर, त्या एका वाक्याने, जे मला समजलं ते कुठल्याही गणिताच्या पुस्तकात मी शिकवलं नव्हतं. चूक झाल्याचं कळणं हीच रीत. तिथून एक फेरा मागे येण्याचा तेवढा कंटाळा करू नये.

अनसूयाबाई ताट घेऊन आल्या आणि सवयीने त्यांच्यासमोर बसल्या. दौलतरावांनी ताट स्वतःकडे ओढलं. उजव्या हाताने पोळी धरली. एका हाताने तुकडा मोडणं किती अवघड असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पोळी दोनदा निसटली. अनसूयाबाईंचा हात पुढे झाला आणि त्यांनीच तो मागे घेतला. तिसऱ्यांदा तुकडा मोडला. दौलतरावांनी तो भाजीत बुडवला आणि, त्याच हाताने, बायकोपुढे धरला. “काहीतरीच तुमचं! बाई बसल्या हायेत न,” असं म्हणत अनसूयाबाईंनी तोंड फिरवलं. हात तसाच हवेत होता. मी घाईघाईने यंत्रावरचे आकडे वाचू लागले, आणि अनसूयाबाईंनी घास घेतला.