माणदेशातील लांडगा आणि दोन टोपल्या राख

घाटावरच्या वाचनालयापलीकडे फारसा प्रवास न केलेल्या मला वाईहून थेट माणदेशात जावे लागले, ते मामांच्या पत्रामुळे. म्हसवडजवळच्या एका गावी ते शिक्षक आहेत. तिथे मेंढ्या नाहीशा होत होत्या, म्हणून सोमवारी पाटील लांडग्यांच्या बिळात धूर कोंडून पिल्ले मारणार होते. ‘लांडगा ससे-उंदरांवरही जगतो, असे तू कॉलेजच्या निबंधात लिहिलेस. इथे येऊन दाखव.’ निबंधातील विधानाची अशी झडती होईल, याची मला कल्पना नव्हती.

शनिवारी साताऱ्याहून दहिवडीची मोटर धरली. युद्धामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारूंनी उतरावे, हे भाडे घेतानाच सांगतात. जाणाऱ्यांनी जुने जोडे घालावेत. पुढे बैलगाडी. मामींनी बाजरीची भाकरी आणि हुलग्यांचे माडगे वाढले. ते पहिल्या घोटाला औषध वाटते, तिसऱ्याला सुटत नाही.

रविवारी, ज्यांची मेंढरे जात होती त्या मायाप्पांबरोबर माळावर गेले; मामाही होते. बिळाजवळच्या वाळक्या विष्ठेत सशाचे केस व उंदरांची हाडे होती, लोकर नव्हती. नमुने रुमालात बांधले. वाटेत पाटलांनी गाठोड्यात काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मला तो शब्द उच्चारवेना. मामांनी ‘अभ्यासाचे साहित्य’ असे सांगितले. पाटलांनी रुमालाला नमस्कार केला.

परंतु चार नमुन्यांवरून कोणी निर्दोष ठरत नाही. म्हणून सायंकाळी घरोघरच्या चुलींतली दोन टोपल्या राख मेंढवाड्याभोवती पसरली. येईल त्याचे पाऊल उमटावे, एवढाच हेतू. पण मी वाईच्या भिक्षुकाची मुलगी. मायाप्पांनी हात जोडले.

“आवं पाटील, अंगारा हाय त्यो. वाईचा.”

ती चुलीतली राख आहे, असे मी म्हणणार होते. मात्र सारे गाव माझ्याकडे पाहत होते आणि मी टोपलीच्या तळाची राख झटकत राहिले. पाटलांनी सर्वांदेखत निवाडा दिला, “मंग ठरलं. ह्यो अंगारा वलांडंल त्योच चोर. मग कुनी बी आसू दे.”

सोमवारी उजाडताच पाहिले, तर एक कोकरू नाहीसे झाले होते. राखेतली पावले धुळीतून थेट पाटलांच्या दारी गेली होती. ओसरीवर त्यांचा लाडका शिकारी कुत्रा झोपला होता. चारही पाय पांढरे, तोंडाला लोकर.

मायाप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, “मला ठावं हुतं, ताई. पर सांगनार कसं? खतासाठनं त्येंच्याच रानात मेंढरं बसवतो, त्येंचंच दानं खातो.”

पाटलांनी कुत्र्याच्या तोंडाची लोकर काढून पाहिली. शब्द तर देऊन बसले होते. “बांधा त्येला,” ते अखेर म्हणाले. “लांडग्याची संगत लागली आसंल.”

धुरासाठी आणलेल्या गवऱ्या चुलींकडे परतल्या.

वाईला परतून महिना झाला. पिल्ले बिळाबाहेर खेळतात, असे मामा कळवतात. शेजारच्या गावांनी वाईचा अंगारा मागितला, तेव्हा मामांनी आपल्या चुलीतली राख दिली आणि रोज सकाळी ठसे पाहण्याचा नेम सांगितला. आता तीन गावांत लोक मेंढरे सोडण्यापूर्वी वाकून पावले तपासतात. त्यांना ती उपासना वाटते. मी अजून हरकत घेतलेली नाही.