सोवळ्याचं अस्वल

सोवळ्या अंघोळ केल्याशिवाय मांस कापायला बसत नसे. पेनसिल्व्हेनियातला नोव्हेंबर, बाहेर बर्फ, आणि हा ओल्या केसांनी, कमरेला पंचा गुंडाळून सुरीला धार लावायचा. किचनमध्ये कुणी चपला घालून आलं की मान न वळवता म्हणायचा, "बाहेर काढ त्या." पुण्यातल्या कर्मठ घरातला हा मुलगा, अंडंसुद्धा त्यानं अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा फोडलं. सोवळ्या हे नाव आम्ही रूममेट्सनी ठेवलेलं.

त्याचे प्रोफेसर शिकारी. त्यांनी अस्वल मारलं आणि कातडं उतरवायला सोवळ्याला आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. संध्याकाळी तो मागची अख्खी तंगडी घेऊन आला. "सोलल्यावर माणसासारखंच दिसतं यार," तो म्हणाला. "मी आधी नमस्कार केला, मग सुरी लावली." सगळे आ वासून ऐकत होते. मी खाटकाचा मुलगा. बार्शीकडे अण्णांचं मटणाचं दुकान, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मी, आणि हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. पण मी बोकडाबद्दल बोललो की लोकांना माझी जात दिसायची. हा अस्वलाबद्दल बोलला की ते साहस.

एवढं मी गिळलं असतं. पण सोवळ्या म्हणाला, "सांध्यात सुरी कुठून घालायची, तुला माहीत असेल ना?" मला माहीत नव्हतं. अण्णांनी मला मटण तोडायच्या ठोकळ्यापुढे कधी बसूच दिलं नाही. गेलो की म्हणायचे, "तू वर जा, अभ्यास कर." मग कॉलिंग कार्ड काढलं, अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अस्वलाचं मी काय सांगू, मालक?" अण्णा म्हणाले. "पण सांधा सगळ्यांचा सारखाच. हाडावर जोर लावू नका. सुरी सैल धरा, वाट तीच दावती. आन् चरबी काढू नका, चव तिच्यातच हाय."

सोवळ्यानं शब्द न् शब्द पाळला. प्रोफेसरांनी बजावलं होतं, आत गुलाबी राहता कामा नये, जंत असतात. म्हणून तीन तास शिजवलं. ती चरबी वितळली तसा खवट तेलाच्या डब्यासारखा वास सुटला. स्मोक अलार्म वाजला, शेजारची बाई येऊन गेली, आणि सगळ्यांनी रस्सा बाजूला सारून नुसता भात खाल्ला. मला त्या रात्री भात फार गोड लागला.

अण्णांना ही बातमी मीच दिली. वाटलं, ओशाळतील. ते ठसका लागेपर्यंत हसले. "बोकडाचा हिशोब अस्वलाला लावला मी. फोन दे बरं त्या पोराला." तो गेलेला फोन पुन्हा माझ्या हातात धड आलाच नाही. दुसऱ्या खेपेला सोवळ्यानं उरलेल्या मांसाची चरबी पार खरवडून काढली, माझ्याच आईनं पाठवलेला काळा मसाला घातला, आणि ते गडद, जरा गोडसर मांस खायला लोक दोन-दोन तास ड्राइव्ह करून आले. दर रविवारी अण्णा त्याला धार, मांसावरचे पडदे, शिरा समजावून सांगायचे. मला विचारायचे, "जेवलास का? परीक्षा कधी?"

पुढे त्याला दूर प्लेनो शहरात नोकरी लागली. रुजू होण्याआधी तो भारतात गेला आणि मला न कळवता बार्शीच्या आमच्या घरी जाऊन आला. आईनं सांगितलं, अण्णांनी त्याला ठोकळ्यापुढे बसवलं, आपली सुरी हातात दिली आणि भर गिऱ्हाइकात अख्खा बोकड तोडून घेतला. "हात चांगलाय पोराचा," असं दिवसभर सांगत होते म्हणे.

मी अण्णांना फोन लावला. विचारलं, "मला का नाही बसवलंत कधी?"

ते म्हणाले, "तो बसंल, हात धुईल आन् जाईल. तुला बसवला असता तर तू उठला असतास का?"

बरोबर आहे त्यांचं. मी उठलो नसतो. तरी त्या ठोकळ्यापुढे, अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसला तो सोवळ्याच.