मीच ठेवलेला ब्रश

हमरापूरच्या गणपती कारखान्यात आखणी, म्हणजे देवाचे डोळे काढणं, माझ्याकडे होती. मग डोकं फिरलं, दवाखाना झाला, गोळ्या कायमच्या मागे लागल्या. परत आले तेव्हा मालकिणीने ब्रश पुढे केला. मी म्हटलं, "नको, मी घासायला बसते." आणि सात वर्षं पॉलिशपेपरने मूर्तींच्या पाठी घासत बसले. दर सीझनला ती विचारायची, "आखणीला येतेस का गो?" मला वाटायचं, टोमणा मारते. वेडीने काढलेले डोळे कोण पुजेल? त्यात गोळ्यांनी हात थरथरायचा. काय अक्कल होती माझी!

गोळ्या आणायला रोह्याला जायची. पेणला डॉक्टर होते हो, पण पेणला ओळखीचं कोणी बघितलं तर? म्हणून गाडी पकडून रोहा, तोंडाला ओढणी गुंडाळून, जशी काय चोरी करून पळतेय.

गेल्या चैत्रात तिथल्या बाकड्यावर बघते तर आमचा आखणीवाला! माझ्या जागेवर बसणारा, कारखान्यात सगळे ज्याला मास्तर म्हणतात तो. तोंडाला रुमाल, हातात माझ्यासारखीच फाईल.

"भावाकडे आलेलो," तो म्हणाला.

"मी पण बहिणीकडे," मी म्हटलं. डॉक्टरच्या दारात बसून! शहाणेच दोघं.

आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं? शी, या येड्याने काढलेले डोळे लोकांनी पुजले! मी, माझ्या मनात. थू माझ्या तोंडावर.

परतीच्या गाडीत समोरासमोर बसलो. निडी स्टेशन गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुझा हात नाय थरथरत?"

"थरथरायचा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलली. तू नाय सांगितलंस?"

नाय सांगितलं. दर महिन्याला त्यांच्यासमोर हात ओढणीखाली लपवून बसायची. काही त्रास, विचारलं की नाय म्हणायची. वेड्या बाईचं एवढं व्हायचंच, असं मीच ठरवलेलं. डॉक्टर नाय, मालकीण नाय, मीच.

पेण आलं. उतरायच्या आधी दोघांनी परत तोंडं बांधली. तो पुढे, मी दहा पावलं मागे. सुधारलो म्हणता काय एका दिवसात?

पण पुढच्या महिन्यात डॉक्टरांपुढे दोन्ही हात टेबलावर ठेवले, थरथरत होते तसेच. गोळी बदलली. हात ठरायला वेळ लागला, पण ठरला.

या सीझनला मालकिणीने विचारलंच नाही. थकली असेल. मग मीच गेले, म्हटलं, "माझा ब्रश द्या."

तिने फळीवरचा डबा काढला. ब्रश माझाच होता, कोणाला दिलाच नव्हता तिने. केस वाळून काडीसारखे ताठ झालेले, एक डोळासुद्धा निघाला नसता त्याने.

"सात वर्षं ठेवलाय गो," ती म्हणाली. "आता नवीन घेऊन ये."