धुरी आणि समोरचीचे दोन आवाज

धुराचा अलार्म किंचाळायला लागला तेव्हा पोरगी मांडीवर, नुकती न्हालेली, उघडीच, आणि पुढ्यात निखारा. बंद कसा करतात ते कुठं माहीत! टॉवेल हलवला, तर धूर अजूनच वाढला. बर्मिंगहॅमला येऊन सहाच महिने झालेले, नवरा हॉटेलात स्वयंपाकाला गेलेला, आणि दारात दोन बंबवाले.

अहो, धुरीच देत होते. बार्बेक्यूचा कोळसा गॅसवर लाल केला, वर ओवा नि बाळंतशेपा टाकल्या. आमच्याकडं न्हाऊ घातल्यावर देतातच. पण आठवी शिकलेली मी, इंग्रजीत कसं सांगणार? त्यातला एक विचारेल त्याला नुसतं येस, येस. बाळाला मुद्दाम धूर देतेस? येस. त्यानं वही काढली. 'सोशल' एवढं कळलं आणि मी पोरीला टॉवेलात घट्ट गुंडाळलं. ते सोशलवाले सरकारी लोक पोरं उचलून नेतात म्हणे.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली आली. अमेरिकेची, काळी, इथं शिकायला आलेली. धुरी तिला मी आधी दाखवलेली. एरवी तिचं बोलणं झोके घेत, गाण्यासारखं. त्या दिवशी तोंड उघडलं तर टीव्हीवर बातम्या देणारी बाई! एकेक शब्द इस्त्री केलेला. बंबवाला सरळच उभा राहिला. त्यानं विचारलं, "रोज करते का ही?"

ती माझ्याकडं वळली. "रोज?"

बाळ जाईल या भीतीनं 'एकदाच' म्हणणार होते. पण ती माझ्यासाठी उभी, तिच्या तोंडून खोटं कसं वदवू? "रोज," म्हटलं.

तिनं तसंच सांगितलं. आईची माया आहे, हेही सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं, नर्स येऊन बघेल म्हणाला, खिडकी उघडली, गेले.

दार लागलं तशी ती खो खो हसली, परत तिच्या त्या झोक्यात. मला कळावं म्हणून सावकाश, हातवारे करत म्हणाली, "माझ्या गावी घरमालकानं फोनवर हा घरचा, काळ्यांचा आवाज ऐकला की खोली भाड्यानं गेलेली असते. दुसरा लावला की तीच खोली रिकामी! आईनं दोन्ही शिकवले. घरचा टाकू नको म्हणाली."

केवढी बाई! मी मात्र नर्सची वाट बघत पोरीला छातीशी धरून बसलेली. एकदाच केलं म्हटलं असतं तर सुटले असते. तुम्ही काय सांगितलं असतं?