गाडीला तळपाय लावणारा मिस्त्री

दुरुस्तीला आलेल्या गाडीत बसण्याआधी ते चप्पल काढायचे. देवळाच्या पायरीशी काढावी तशी, शेजारी शेजारी नीट ठेवून. मग अनवाणी पाय गाडीच्या फरशीवर टेकवायचे, एक तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवायचा आणि मालकाला म्हणायचे, "चला. बोलू नका, नुसती चालवा."

गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्या अंगणात त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायचे. मूळचे घोटीकडच्या एका खेड्यातले. घरची भातशेती भावाकडे सोपवून तरुणपणी नाशिकला आले, एका कारखान्यात पत्रा ठोकण्याच्या यंत्रावर बरीच वर्षं काढली आणि मग हे गॅरेज टाकलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची त्यांची सवय होती. गिऱ्हाइकाचं इतकं मन लावून ऐकणारा मिस्त्री तुम्ही क्वचितच पाहिला असेल. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

मी डोळ्यांच्या एका रुग्णालयात काम करते. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांना नाशिकला आणायचं आणि ऑपरेशन झालं की घरी पोचवायचं. त्यासाठी आमच्याकडे पुढच्या-मागच्या चारही चाकांना जोर देणारी, फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे-मागे मिळून पाच जण बसतात. ती मीच चालवते.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती घाबरलेल्या अवस्थेत. गाडी प्रत्येक वळणावर अडखळत होती, टायर कुरकुरत होते, खालून काहीतरी दळल्यासारखा आवाज येत होता. एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं होतं. मिस्त्री चप्पल काढून बसले, एका वळणातच त्यांनी मला थांबवलं आणि आदल्या दिवशी कुठे गेला होतात ते विचारलं. पेठकडे चिखल होता, मी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून फोर व्हील लावलं होतं, आणि काढायला विसरले होते. तशीच नाशिकपर्यंत डांबरावरून आले होते.

"ताई, वळताना पुढची चाकं जास्त फिरत्यात, मागची कमी," ते म्हणाले. "चिखलात ती जरा घसरून आपसात जुळवून घेत्यात. डांबरावर कुठं घसरनार? मग भांडत्यात."

दांडा अडकून बसला होता. त्यांनी मला गाडी सरळ दहा-बारा फूट मागे घ्यायला लावली, आणि दांडा अलगद सुटला. गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. चहा पाजून त्यांनी मला परत पाठवलं.

नंतर त्यांनी मला हळूहळू बरंच शिकवलं. घूंऽ असा आवाज वळणावर कमीजास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच बदलला तर मागच्या ॲक्सलमधले दाते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून टक्क झालं, तर मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा, ज्याला ते क्रॉस म्हणायचे.

हा टक्क आवाज एकदा माझ्याच गाडीला लागला. त्यांनी आठवडाभरात क्रॉस बदलू म्हणून बजावलं. पण शिबिराची घाई होती. मी दोन आठवडे काढले.

आणि एका दुपारी, ऑपरेशन झालेल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन घाट चढताना, गाडीखाली धाडकन आवाज झाला. इंजिन गरगरत होतं आणि गाडी मागे सरकू लागली होती. मी ब्रेक दाबून धरला. चौघांच्याही एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी हिसके आणि धूळ टाळायला सांगितलं होतं. त्या रस्त्याला सकाळची एक जीप सोडली तर वाहन नसतं. चूक सर्वस्वी माझी होती, आणि चौघं माझ्या भरवशावर हात जोडून बसली होती.

मी मिस्त्रींना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मी म्हटलं, वहिनी, त्यांना द्या, घाई आहे.

"त्यांला फोनवर ऐकू येत नाय, ताई," त्या म्हणाल्या. "कारखान्यानं कान नेलं. मला सांगा, मी त्यांच्याम्होरं बोलती."

इतकी वर्षं मी त्यांचं ते टक लावून पाहणं अदब समजत होते.

मी सांगितलं. वहिनी ते शब्द सावकाश, मोठ्याने उच्चारत होत्या, मागून मिस्त्रींचा आवाज येत होता, आणि वहिनी तो मला परत सांगत होत्या. क्रॉस तुटलाय. पण पुढची चाकं शाबूत आहेत, फोर व्हील लावलं की त्यांच्यावर गाडी जाईल. लोंबणारा शाफ्ट तेवढा काढायचा. हातब्रेक ओढा, आणि आधी चारही चाकांमागे मोठे दगड लावा, नुसत्या गिअरवर गाडी धरणार नाही. दगड लागल्याशिवाय कुणी खाली शिरायचं नाही, हे त्यांनी तीनदा वदवून घेतलं.

चौघांना मी सावलीत बसवलं. दगड लावले, ओढणी कमरेला बांधली, आणि चौदा नंबरचा पाना घेऊन गाडीखाली शिरले. एक आजी उठून आली आणि निघालेले बोल्ट पदरात धरून उभी राहिली. पाऊण तास लागला. शाफ्ट निघाला तेव्हा मला शंका आली. इथे तर डांबर आहे, आणि डांबरावर फोर व्हील लावायचं नाही, असं त्यांनीच शिकवलं होतं.

मी पुन्हा फोन लावला, वहिनींनी त्यांना विचारलं.

"हसत्यात," त्या म्हणाल्या. "म्हनत्यात, मागचा शाफ्टच नाय, तर पुढचा भांडनार कुनाशी?"

चढावर पुढची चाकं हलकी पडतात, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, न थांबता चढा, असंही त्यांनी सांगितलं. दोनच वळणं उरली होती. गाडी घसरत, कण्हत, पण चढली. चौघंही उजेड असतानाच आपापल्या घरी पोचली. बोल्टवाल्या आजीने सुनेला सांगितलं की आज आपण मोटार दुरुस्त केली.

त्यानंतर मी मिस्त्रींना आमच्या रुग्णालयाशेजारच्या कानाच्या दवाखान्यात घेऊन गेले. ते यायला तयार नव्हते, वहिनींनी आणलं. कानाला यंत्र बसलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले तर यंत्र खिशात. "एवढा कालवा असतो व्हय हितं?" ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "डोकं उठलं. कामाला आपले पायच बरे."

गेल्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि दोघं गावी गेली. गॅरेजच्या जागी आता कपड्यांना इस्त्री करण्याचं दुकान आहे. गाडीचं काम मी दुसऱ्या मिस्त्रीकडे देते, तो चांगला आहे, मशीन लावून दोष सांगतो.

दिवाळीनंतर घोटीकडे शिबिर होतं, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले. भाताची कापणी झालेली. वहिनी अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होत्या. मिस्त्री ओट्यावर बसले होते, कानात यंत्र होतं. मी गाडीबद्दल सांगू लागले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई, ऐकलं का," ते हळूच म्हणाले. "ही पाखडताना गुनगुनती. लग्नाला पस्तीस वर्सं झाली, मला ठावंच नव्हतं."

मी ऐकलं. काहीतरी ओवीसारखं होतं, शब्द नीट कळत नव्हते. आम्ही दोघं एकाएकी गप्प झालो, तशी वहिनींनी सूप थांबवून मान वर केली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काय नाय," मिस्त्री म्हणाले. "चालू दे."